कोपऱ्यातला म्हसोबा

भागुबाई मूळची साताऱ्याकडची. नवरा कोंडिबा रेल्वेत फिटर. बदलीवर जयपुरात आला आणि निवृत्त होऊन विद्याधर नगरातच राहिला. शहाऐंशी साली अर्धांगानं त्याचा डावा पाय लुळा पडला. रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा गेला म्हणून समजा, असं डॉक्टरांनी बजावलं. रस्त्यावर घरबांधणीचे ट्रक, म्हणून घरासमोरचं उद्यान हीच त्याची चालायची जागा. कडेकडेनं रोज पाच फेऱ्या. ओढत्या पायानं वाळूत पायवाट पडली होती.

मग ट्रकवाले कोपऱ्यातल्या मोडक्या तारेतून आत शिरून राडारोडा ओतायला लागले. भागुबाई भांडली, तिनं हात जोडले. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण बाई भलती हिकमती. शेंदूर फासलेला म्हसोबा बांधावर असला की गावी कुणाची बांध कोरायची छाती होत नसे. तिनं वाटोळा दगड घेतला, तेल-शेंदूर चोपडला आणि पहाटे त्या कोपऱ्यात ठेवून दिला. त्या दिवसापासून एक ट्रक आत आला असेल तर शपथ! आठवडाभर ती स्वतःवरच खूश होती.

आठव्या दिवशी दगडापुढं झेंडू दिसला. मग नारळ. भैरूजी, म्हणजे तिकडचे भैरवनाथ, प्रकटले, असं कुणीतरी म्हणालं. महिन्याभरात चौथरा झाला, नवरात्रात पत्र्याची शेड, मग भोंगा. दर वेळी खरं सांगून टाकावंसं वाटायचं, पण बोलायची चोरी. भक्तांच्या गर्दीत वाट अडत गेली. कोंडिबाच्या फेऱ्या पाचाच्या तीन झाल्या, तिनाची एक.

"भागे, ह्यो देव वाढाय लागलाय गं," तो एकदा म्हणाला. ती त्याचा पाय चोळत राहिली.

एके सकाळी उद्यानभर चुन्याच्या रेघा. मंदिराचा पाया! आता मात्र तिनं धीर केला आणि मंदिर समितीच्या भंवरलालजींना चारचौघांत गाठलं.

"भैयाजी, वो पत्थर मैंने रखा है. मेरे हाथ से. ट्रक रोकने को. मतलब, उसमें देव-बिव कुछ नहीं."

भंवरलालजी लबाड असते तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं. पण माणूस खरोखरचा श्रद्धाळू. त्यांचे डोळे भरून आले आणि ते तिच्या पायाच पडले.

"माताजी! भैरूजी ने आपसे रखवाया!"

मागोमाग सगळे वाकले. ती नाही-नाही म्हणत राहिली आणि जयजयकार वाढत गेला.

पायाभरणी तिच्याच हातून व्हायची असं ठरलं. गळ्यात हार घातला, हातात वीट दिली. दाखवलेली जागा नेमकी त्या पायवाटेवर होती. तारेपलीकडं कोंडिबा काठी टेकून फेरीसाठी उभा.

"भागे, कवा सोडत्याल आत?"

तिला रडू फुटलं. बायका एकमेकींना म्हणाल्या, किती ही भक्ती! भागुबाईनं वाकून वीट ठेवली.