भुकेली म्हणून छापलेली माझी लेक

माझी मुलगी चांगली जेवते. हे आधीच सांगून टाकते, कारण मधल्या काळात ते इतक्या जणांना सांगावं लागलंय की आता कुणी नुसतं ‘कशी आहे मुलगी’ विचारलं, तरी माझ्या तोंडून पहिलं तेच निघतं. नागलीची भाकरी आमटीत कुस्करून दिली की ती ताटली चाटूनपुसून साफ करते, आणि वेळेआधी ताटली उचलली तर हाताला चावते. सुकट तळायला घेतली की तिला दुसऱ्या खोलीतून वास लागतो. अंगाने बारीक आहे, माझ्यासारखीच सावळी आहे, केस भुरे आणि कायम विस्कटलेले. आमच्या घरात कुणीच जाडजूड नाही. अंगणवाडीत तिचं वजन व्हायचं, ते नेहमी जिथे असायला हवं तिथेच असायचं.

मी जव्हारला एका शाळेत शिकवते. नवरा सरकारी कार्यालयात कारकून आहे. माझं माहेर मोखाड्यातलं, खोडाळ्याच्या बाजूचं. आईवडील अजून भात-नागली करतात. माहेरच्या बोलीत मी पहिली सहा वर्षं काढली, शाळेत गेल्यावर पुस्तकातली मराठी शिकले, आणि आता तीच पोटापाण्यासाठी शिकवते.

ज्या दिवसांबद्दल लिहितेय, तेव्हा मुलगी अडीच वर्षांच्या आसपास होती. तिला नुकतेच दोन शब्द सापडले होते. एक ‘नाय’. तो ती माझ्या आईकडून शिकली आणि माझ्या आईसारखाच मान वळवून म्हणायची. अंघोळ नाय, चप्पल नाय, झोप नाय. दुसरा शब्द ‘मी’. त्याआधी ती स्वतःला ‘बाळ’ म्हणायची. ‘बाळाला पाणी’, ‘बाळ पडलं’. मग एका सकाळी तिने माझ्या हातातून वाटी ओढली आणि म्हणाली, ‘मी!’ त्या दिवसापासून घरात दुसऱ्या कुणाला काही करायची सोय उरली नाही. मी घालते. मी ओतते. मी दार लावते. दोन्ही पाय पँटच्या एकाच पायात घालून ती अर्धा अर्धा तास झटायची, आणि मदतीला हात पुढे केला तर जमिनीवर लोळण घ्यायची. शाळेला उशीर व्हायचा, मी चिडायचे. पण मनातून मला ते आवडत होतं. आमच्याकडच्या मुली ‘मी’ म्हणायला फार उशिरा शिकतात. मला स्वतःला डी.एड.ला गेल्यावर जमलं.

तिला अंगावर कपडा ओला झालेला चालायचा नाही. थेंब पडला तरी फ्रॉक काढून फेकायची. त्या रविवारी तेच झालं.

आम्ही तिघं संध्याकाळी गावाबाहेरच्या शिरपामाळला फिरायला गेलो होतो. घरून जेवूनच निघालो होतो. वाटेत तिने बर्फाचा गोळा मागितला, अर्धा खाल्ला, अर्धा फ्रॉकवर सांडला. मग फ्रॉक नाय. नुसत्या चड्डीवर ती मातीत बसली आणि दगडांवर माती ओतण्याच्या कामाला लागली. थोड्याच वेळात केस, तोंड, पोट सगळं लाल झालं. आम्ही जवळच झाडाखाली बसलो होतो. नवरा चपलेचा पट्टा दुरुस्त करत होता, मी ओला फ्रॉक फांदीवर वाळत घालत होते.

तेवढ्यात एक बस आली. उतरलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, दोघांच्या हातात खोकी. त्यातली एक बाई, माझ्याच वयाची असेल, सरळ माझ्या मुलीसमोर उकिडवी बसली आणि तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. मुलीच्या हातात माती होती. तिने पुडा खाली टाकला, म्हणाली, ‘नाय.’ बाईने तो उचलून पुन्हा दिला. मुलीने पुन्हा टाकला. मग बाईने तिच्या दोन्ही हातांतली माती झटकली, पुडा हातात कोंबला आणि तिची बोटं वरून दाबून धरली. इतक्या मेहनतीने गोळा केलेली माती गेली म्हटल्यावर माझ्या मुलीने भोंगा पसरला. बाई हात सोडून मागे सरकली आणि एका माणसाने मोबाईल पुढे केला.

मी धावत गेले. मुलीला उचललं. विचारलं, ‘काय चाललंय हे?’

‘काही नाही हो, खाऊ दिला,’ बाई हसत म्हणाली. ‘तुमची आहे का? किती गोड! घाबरली वाटतं.’

‘फोटो कशाला काढला?’

‘आठवण म्हणून. आम्ही इकडे मदतीचं काम करतो ना.’ मग माझ्याकडे नीट बघून ती म्हणाली, ‘तुम्ही मराठी खूप छान बोलता.’

मी मराठीच शिकवते, हे तिला सांगायला हवं होतं. पण मी एवढंच म्हणाले, ‘तो फोटो काढून टाका.’

‘हो हो, टाकते की,’ ती म्हणाली, आणि बिस्किटाचा पुडा मुलीच्या पोटावर ठेवून निघून गेली. पुडा घसरून खाली पडला. तो तिथेच राहिला.

मुलगी पाच मिनिटांत सगळं विसरली. मला वाटलं, आपणही विसरावं.

पुढच्या महिन्यात शाळेच्या मधल्या सुट्टीत बरोबरच्या एका बाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘ही तुमच्या मुलीसारखी दिसते नाही?’ त्यांनी हे अगदी साधेपणाने विचारलं. मुलीसारखी नव्हे, तीच होती. उघडं अंग, मातीने माखलेलं तोंड, गालावर पाण्याचे ओघळ, छातीशी बिस्किटाचा पुडा. तो असा दिसत होता, जणू तिने कुणाकडून तरी हिसकावून घेतलाय. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘जव्हार-मोखाड्याची भुकेली चिमुकली. पोटात अन्नाचा कण नाही. आई-बाप कामाच्या शोधात. आपण तिचे होणार का?’ खाली पैसे कुठे पाठवायचे ते आणि एक फोन नंबर.

आई-बाप कामाच्या शोधात! आई फ्रॉक वाळत घालत होती आणि बाप चपलेचा पट्टा लावत होता.

त्या आठवड्यात तो फोटो आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात पोचला. नवऱ्याच्या कार्यालयात कुणीतरी थट्टा केली, ‘साहेब, पगार होत नाही का?’ खोडाळ्याहून आईचा फोन आला. बाजारात कुणीतरी तिला मोबाईलमध्ये दाखवलं होतं. ती रडत होती. ‘बाय, पोरीला काय झाला? मना का नाय सांगितलास? मी तांदूळ घेऊन येते.’ तिला समजावताना माझ्या तोंडाला कोरड पडली. पोरगी समोर बसून भात खात होती. मी फोन तिच्या कानाला लावला. ती तोंडात घास धरून म्हणाली, ‘आजी, मी जेवते.’ तरी आईचा विश्वास बसेना. जे छापून येतं ते खरं असतं, असं तिला वाटतं. शाळेत जायला लागल्यावर मीच तिला ते शिकवलं होतं.

मला खरा संताप कशाचा आला, ते नीट सांगते. आमच्याकडे भूक नाही, असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत की पावसाळा सरत आला, घरातलं धान्य संपलं, की सकाळच्या तासाला त्यांचे डोळे मिटायला लागतात आणि खिचडीचा वास आला की उघडतात. दिवाळीनंतर तीच मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि होळीला परततात तेव्हा मुळाक्षरं विसरलेली असतात. त्यांच्या घरापर्यंत जायला जीप सोडून चालावं लागतं. तेवढं कोण चालणार? बस जिथे थांबते तिथे एक उघडं पोर रडताना मिळालं, काम झालं. रडत नव्हतं, तर रडवलं. आमच्या मातीचा रंगच असा आहे की त्यात खेळलेलं कुठलंही पोर शहरातल्या माणसाला उपाशी दिसतं.

मी त्या नंबरवर फोन केला. एका पुरुषाने उचलला. मी सगळं सांगितलं. तो शांत, गोड आवाजात म्हणाला, ‘मॅडम, तुमचा गैरसमज होतोय. हा फोटो प्रातिनिधिक आहे.’

‘प्रातिनिधिक म्हणजे कुणाचा?’

‘तिथल्या सगळ्या मुलांचा. तुमच्याच लोकांसाठी चाललंय ना हे?’

‘माझी मुलगी उपाशी नाही. फोटो काढून टाका.’

‘पुढे गेलेला आता परत कसा घेणार? आणि खूप चांगला प्रतिसाद आहे हो या फोटोला.’ आणि वर म्हणाला, ‘तुम्हाला काही मदत लागत असेल तर सांगा. एक किट पाठवून देऊ का? तेल, डाळ, सगळं असतं त्यात.’

मी फोन ठेवला नाही, आपटला.

नवरा म्हणाला, ‘सोड. आपल्याला माहितीये ना आपलं पोर कसं आहे ते.’ मी म्हणाले, ‘तिला माहीत नाही ना. उद्या ती मोठी होईल, वाचायला लागेल, तेव्हा तिने हे वाचायचं?’  पुढे ती मंडळी दाभोसा गावात ब्लँकेटं वाटायला येणार असल्याचं त्याच्या कानावर आलं, तेव्हा त्यानेच मला सांगितलं, आणि त्या दिवशी रजा टाकून गाडीही त्यानेच काढली.

मुलीला घरी ठेवणार कुणाकडे? तिला घेऊनच गेलो. फ्रॉक तिने स्वतः घातला होता, उलटा. मी तो तसाच राहू दिला.

दाभोशाच्या मोकळ्या जागेत बायका-माणसं रांगेत बसली होती. मागे दोन बांबूंना बांधलेला मोठा फलक, आणि त्यावर माझ्या मुलीचा चेहरा, दारापेक्षा उंच. मोबाईलमध्ये बघणं वेगळं. इथे तिच्या पापणीला चिकटलेली माती दिसत होती.

मी काही बोलायच्या आत मुलीनेच पाहिलं. मोबाईलमधले स्वतःचे फोटो बघायचा तिला भारी नाद. ती माझा हात सोडून पळाली आणि फलकाखाली उभी राहून ओरडायला लागली, ‘मी! मी! आई, मी!’ रांगेतल्या बायका तिच्याकडे बघायच्या, मग वर बघायच्या. ती आनंदाने उड्या मारत होती. मग थांबली. मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिली आणि मला विचारलं, ‘आई, मी का ललते?’

 मी फलकाची दोरी सोडायला लागले. गाठ घट्ट होती.

शिरपामाळची ती बाई धावत आली. तिने मला ओळखलं. ‘अहो ताई, प्लीज. फोटो मी काढून टाकणार होते, राहून गेलं. आता कार्यक्रम तरी होऊ द्या.’

टोपीवाला एक गृहस्थ म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही वाटप बंद पाडताय. या गरिबांचा तरी विचार करा.’ आवाज तोच होता, फोनवरचा.

‘वाटप करा ना,’ मी म्हणाले. ‘ब्लँकेटं माझी नाहीत, मी त्यांना हात लावलेला नाही. हा चेहरा मात्र माझ्या मुलीचा आहे. तो मी नेणार.’

‘पण आम्हाला याच्यासमोर फोटो घ्यायचेत. देणाऱ्यांना दाखवावे लागतात.’

रांगेतली एक म्हातारी उठून पुढे आली. माझ्या मुलीच्या पोटाला तिने बोटाने टोचून पाहिलं. मुलगी खुदकन हसली. म्हातारी त्या गृहस्थाला म्हणाली, ‘ही काय उपाशी हाय? माझ्या नातवापरीस भरलेली हाय. हिचा कागूद लावून आमाला काय देतंस?’ मग मला म्हणाली, ‘काढ बाय, तुझी पोर हाय तं काढ.’ तिच्या मागच्या माणसाने कमरेचा कोयता काढला आणि दोरी एका फटक्यात तोडली. दुसरी माझ्या नवऱ्याने त्याच कोयत्याने तोडली. फलक खाली आला.

कुणी भांडलं नाही, कुणी हात उगारला नाही. ब्लँकेटं वाटली गेली. म्हातारीनेही घेतलं, आणि ते घेताना कॅमेऱ्याकडे पाठ केली. त्या बाईने जाताना माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला. ‘माझा हेतू वाईट नव्हता हो,’ ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नसेल तिचा हेतू वाईट. पण माझ्या मुलीची बोटं तिने दाबून धरली होती, आणि ती मला त्या क्षणीही दिसत होती. मी ‘बरं’ म्हणाले नाही.

पुढे त्यांनी तो फोटो स्वतःच्या पानावरून काढला. ‘दिलगीर आहोत’ असा निरोपही आला, खाली नाव नसलेला. पण फोटो फिरायचा थांबला नाही. मुलगी आता चौथ्या वर्षात आहे. पँटचे दोन पाय तिला वेगवेगळे सापडतात, र म्हणता येतो, आणि कोंबड्यांना ती शिक्षिकेच्या थाटात रागावते. मागच्या पावसाळ्यात तोच चेहरा पुन्हा माझ्या मोबाईलवर आला, खाली भलत्याच जिल्ह्याचं नाव आणि पुराचा उल्लेख घेऊन. माझी मुलगी आता पूरग्रस्त झाली होती.

नवरा म्हणाला, ‘किती जणांना फोन करशील?’

मी फोटोखालचा नंबर लावला होता. पलीकडे घंटा वाजत होती. मुलगी ओट्याजवळ स्टुलावर उभी राहून पीठ मळत होती, म्हणजे पिठात पाणी ओतत होती. पलीकडून कुणीतरी ‘हॅलो’ म्हणालं, आणि मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.