पानमळ्यातली पाणकुज

ठाकुर्लीच्या पानमळ्यात भर दुपारी संध्याकाळ असायची, इतकी नागवेलीची सावली दाट. आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली असतील, तेव्हा त्या सावलीला भोकं पडू लागली. वेली मरत होत्या आणि गाव त्या रोगाला ‘शेवंतीची मर’ म्हणत होतं.

शेवंती धाकूची बायको. ती अडचणीच्या दिवसांत मळ्यात शिरली म्हणून वेल कोपली, असं तिचा थोरला दीर परशुराम चारचौघांत म्हणाला. ती शिरली नव्हती. पण मळ्याभोवतीच्या कुडाचं दार तिला बंद झालं. स्वतः माती वाहून लावलेल्या वेली आता बाहेरून बघायच्या! तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

जुनी मर तिला ठाऊक होती. तिच्यात वेल शेंड्याकडून पिवळी पडून वाळायची. ही बुडातून काळी पडत होती, मऊ होत होती, घाण वास मारत होती. असला रोग कुणीच पाहिला नव्हता.

गड्यांनी कुडाबाहेर फेकलेलं कुजकं बूड शेवंतीने एका परातीत पाण्यात ठेवलं, वर निरोगी पान तरंगवलं. दुसऱ्या परातीत शेजारच्या मळ्यातल्या जुन्या मरीचा तुकडा आणि तसंच पान. थोड्या दिवसांत कुजक्या बुडाला कापसासारखे पांढरे तंतू फुटले, वरच्या पानावर काळा ओला डाग उठला. दुसरं पान हिरवंगार.

म्हणजे रोग पाण्यातून चालत होता.

मग तिने कुडातून पाहिलं. पाटाकडच्या वेली आधी जात होत्या. आणि मळा देवाचा म्हणून आत शिरणारा प्रत्येक गडी, दहा मळ्यांचा चिखल तुडवून आलेले पाय, दाराजवळच्या पाटाच्या तोंडाशीच धूत होता.

परशुराम पाटात पाय धूत उभा होता, तेव्हा ती दोन्ही पराती घेऊन आली.

“भावजी, पाय बाहेर काढा! या पायांनी मळा मारला.”

“अरे धाकू,” पाटाजवळच्या धाकूकडे बघून एक गडी हसला, “तुजी बायको वैद्य झाली रं! वेलीची नाडी बघते.”

“बघते. ही मर नाय. हिला पाणकुज म्हणा, नि माजं नाव त्यातनं काढा.”

परशुराम डागाळलेल्या पानाकडे बघत राहिला. “पाय धुवून शिरायचं, ही बापजाद्यांची रीत हाय.”

“मग बाहेर रस्त्यावर धुवा. रीत ऱ्हाईल, वेलबी ऱ्हाईल.”

तो पाटातून बाहेर आला, पण मळ्याच्या दारात आडवा उभा राहिला. शेवंतीने त्याच्या हातातली कुदळ ओढून घेतली, त्याला खांद्याने बाजूला सारलं, आत शिरली आणि पाटाचं तोंड मातीने बुजवलं.

उरलेल्या वेली विहिरीच्या पाण्यावर तगल्या. परशुरामाने माफी मागितली नाही. शेवंतीने त्याच्या ताटात पुन्हा कधी वाढलं नाही.