रविवारी हाक मारायची नाही

मंडळी, राग अजून गेलेला नाही.

लुडविग्सहाफेनजवळच्या आमच्या खेड्यात आज सासूबाई पाखरांना भात टाकायला अंगणात गेल्या आणि साताऱ्याच्या सवयीने दार ओढून घेतलं. इथलं दार ओढलं की लॉक! किल्ली आत, आम्ही बाहेर गेलेलो.

थंडीत, नुसत्या साडीवर, त्या हाका मारत राहिल्या. समोरच्या जर्मन आजींनी बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

आम्ही परतलो तर त्याच आजी फाटकाशी हजर. "तुमच्या आई फार ओरडत होत्या. रविवारी रुहेत्साइट असते!" म्हणजे शांततेची वेळ.

"अहो, त्या मदत मागत होत्या!"

"हो, पण केवढ्याने!"

आता सासूबाई मला विचारतायत, "अगं, हळू हाक मारली असती तर आल्या असत्या का गं त्या?"

सांगा, काय उत्तर देऊ?