आंबागडचा किल्ला, रानडुकराचं मटण आणि मामांचा चुंबक

सायलीला पाचवा महिना लागला आणि डोहाळा लागला तो थेट रानडुकराच्या मटणाचा. लहानपणी आंबागडला मामांकडे खाल्लेलं. बायकोचा डोहाळा मोडू नये म्हणतात, म्हणून निघालो. तसा मी संशयी माणूस. पेट्रोल पंपावरचं शून्यसुद्धा दोनदा बघतो.

सकाळी सहाला नागपूर सोडलं. भंडाऱ्याला तर्री-पोहे (दोघांचे साठ रुपये, तर्री मागाल तेवढी), मग तुमसरवरून आंबागड. थांबत थांबत तीन तास लागतात. सायलीला मामांकडे सोडून किल्ल्यावर एकटाच गेलो. पायऱ्या आहेत, पाणी मात्र सोबत न्या. वरून धानाच्या बांध्या आणि जंगल झकास दिसतं, पण माझं डोकं खाली मामांच्या चुलीवर शिजणाऱ्या मटणापाशीच होतं. हे मटण आलं कुठून?

"वावरात घुसला होता डुक्कर. गावातल्या एकानं बंदुकीनं पाडला," मामा जेवताना म्हणाले. वनखात्याच्या परवानगीचं विचारलं, तर त्यांनी मामींना भात वाढायला सांगितलं.

"आणि छर्रे?"

"काहून डरता जी, जवाई? चुंबक फिरवला ना. एक बी नाही सापडला."

जुन्या स्पीकरमधला चुंबक. दर वेळी मटणावरून फिरवतात, मामी कौतुकाने सांगत होत्या.

"छर्रे कशाचे असतात?"

"शिशाचे," मामा म्हणाले. " जाळ्याचं शिसं घरीच वितळवते तो बंदूकवाला."

सायलीचे दोन घास खाऊन झाले होते. मी तिचा हात धरला. भिंतीवर मामांचं मासे धरायचं जाळं होतं, त्याच्या शिशाच्या गोळीला चुंबक लावून दाखवला. चिकटला नाही. शिसं चुंबकाला चिकटतच नाही.

"आमी जनमभर खाऊन राहिलो. काय झालं आमाले?" मामा चिडले. मामी मात्र चार वर्षांच्या नातीच्या ताटाकडे बघत होत्या. ताट पुसून खाल्लेलं होतं.

नागपुरात डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन घासांनी घाबरू नका, पण रक्त तपासू. छर्रा वेचला तरी शिशाचा बारीक चुरा मांसात राहतो, आणि पोटातल्या बाळाला, लहान मुलांना त्याचा त्रास जास्त.

काल मामांचा फोन आला.

"जवाई, ते रक्ताची तपासणी कुठं होते? नातीले घेऊन येऊन राहिलो. तिलेच लय आवडते ते."

किल्ला बघायला जरूर जा. माझा संशय सहसा खरा निघतो आणि मी त्याची फुशारकीही मारतो. या वेळी तो खोटा निघावा म्हणून मी देवापुढे हात जोडलेत.