टोपी कोणत्या जिल्ह्याची

शिंदखेडा तालुक्यात, नरडाण्याच्या अलीकडे अभिमन आबांचं गाव. गावात लग्न कुणाचंही असो, माईक आबांचा. भटजीनं मंगलाष्टकं म्हणावीत, बँडवाल्यानं वाजवावं, पण पाव्हण्यांची नावं पुकारायला आबाच उभे राहणार. वय अठ्ठ्याहत्तर, दात मोजके, आवाज मात्र असा की पाटापलीकडच्या गुराख्यालाही कळावं आता कुणाचा सत्कार चाललाय.

आमच्याकडे लग्नात टॉवेल-टोपीचा मान. नाव पुकारलं की पाव्हण्यानं पुढं यायचं, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. या गावाचा कायदा मात्र जुना : मान जिल्ह्याबाहेरच्या पाव्हण्याला. जिल्ह्यातला तो घरचा, त्याच्या हाती वरणाची बादली.

जिल्हा कोणता, हे ठरवणार आबा, आणि तिथंच गोम होती. इंग्रजांनी पेशवाई घेतली तेव्हा सगळा मिळून एकच खान्देश जिल्हा केला, कारभार धुळ्याहून. पुढं एकोणीसशे सहात त्याचे दोन झाले, पूर्व आणि पश्चिम. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. आबा पहिलीत गेले तेव्हा भिंतीवर नकाशा होता पश्चिम खान्देशाचा. साक्री, शिरपूर, शहादे, तळोदे, नवापूर अशी तालुक्यांची नावं त्यांनी छडी खात पाठ केली. साठ साली महाराष्ट्र झाला नि जिल्ह्यांना गावांची नावं लागली, जळगाव आणि धुळे. आबा म्हणाले, नाव बदललं, बांध तोच आहे. चालू द्या.

खान्देश हे नाव कुठून आलं यावर पंगतीत हमखास वाद पेटे. कुणी म्हणे, इथल्या फारुकी राजांना खान म्हणत, त्यावरून. कुणी म्हणे, हा कान्हाचा देश. आवाज चढले की आबा माईक ओढत.

"खानना म्हना, कान्हाना म्हना. मी सांगस, हाऊ खानारासना देश शे! बठ्ठा जेवी घ्या, मंग भांडा."

अठ्ठ्याण्णव साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला; शहादे, तळोदे, नवापूर तिकडं गेले. आबांची धाकटी बहीण ताईबाई शहाद्याकडं दिलेली, म्हणजे ती आता परजिल्ह्यात गेली. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात तिचा नवरा तोताराम नाना नवं धोतर नेसून पुढच्या रांगेत बसला. पूर्व खान्देशवाले झाले, नाशिकवाले झाले, सुरतवाले झाले. नानाचं नाव काही येईना. शेवटी नानाच बोलला, "आबा, आम्हना जिल्हा येगळा व्हई गया ना?"

आबांनी माईकवरच उत्तर दिलं, "सरकारनी जिल्हा तोडा व्हई, मी सोयरं नही तोडं! घ्या नाना बादली, वरण थंडं व्हई ऱ्हायनं."

मांडवानं टाळ्या वाजवल्या. आबा खूश. नानानं बादली उचलली आणि शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिला. पुढची पंचवीस वर्षं दर लग्नात तेच. त्या टाळ्या नानाला लागल्या असतील, हे आबांच्या डोक्यात आलं नाही. आपण मेव्हण्याला घरचं केलं, एवढंच ते सांगत फिरले.

यंदा आबांच्या नातीचं, पूनमचं लग्न निघालं. मुलगा जामनेरचा. आबांचा मुलगा कुंदन शहाद्याला पत्रिका देऊन आला नि संध्याकाळी ताईबाईचा फोन.

"दादा, त्यास्ले टोपी भेटी तं आम्ही येतस. नहीतं पूनमले आठेथूनच आशीर्वाद."

"ताई, टोपी दिधी म्हंजे नाना परका व्हई जाई ना वं."

"पंचवीस वरीस त्यास्नी तुनी बादली उचली. माईकवर एकदाव तरी टोपीकरता त्यासनं नाव लिधं का तू?"

आबांनी फोन ठेवला. बहीण नाही म्हणजे मांडव रिकामा. पण टोपी दिली तर आपण इतकी वर्षं छातीवर हात मारून सांगितलं त्याचं काय? कुंदन वैतागला. "पूनम जन्मनी नही त्याना आगोदर नंदुरबार जिल्हा व्हई गया. तुम्हले आजून मान्य नही?"

"मान्य शे," आबा म्हणाले, "तोंडमा येत नही."

लग्नाच्या दिवशी पूनमसाठी म्हणून ताईबाई नि नाना आले, पण मांडवाच्या पार कडेला बसले. चहासुद्धा घेतला नाही. आबांनी माईक धरला. "पूर्व खान्देश! जामनेरचे व्याही प्रेमराज भाऊ!" टोप्या झाल्या, सुरतवालेही झाले. आबा थांबले. माईकची शिट्टी वाजली. माणसं माना वर करून बघायला लागली.

"जिल्हा," आबा म्हणाले नि खाकरले. "जिल्हा नंदुरबार. तोताराम नाना, पुढे या."

नाना उठला. आबांनी आपल्या हातानं टोपी घातली, जरा वाकडी बसली ती सरळ केली. कुणी टाळी वाजवली नाही. नाना खाली उतरतो न उतरतो तोच मागून आबांचे तळोद्याचे साडू उभे राहिले, त्यांच्यामागं नवापूरवाले.

"आबा, मंग आम्हीन काय मध्यप्रदेशना शेतस का?"

मांडव हसून लोळला. कुंदननं एकाच जादा टॉवेल-टोपीची सोय केली होती. शेवटी जामनेरकरांच्या मंडळींकडं गेलेल्या थप्पीतून चार जोड उसने मागून आणले, पूर्वेनं पश्चिमेची अब्रू राखली. आबांना घाम फुटला, पण एकेक नाव त्यांनी नीट पुकारलं, जिल्ह्यासकट.

पंगत बसली. नाना टोपीसकट पाव्हण्यांच्या रांगेत, मांडी घालून, ऐटीत. आबांच्या बायकोनं, भागाबाईनं, ताईबाईचा हात धरला. "ताईबाई, तुम्ही बी पाव्हणीसना पंगतमा बसा. आते तुम्हना जिल्हा येगळा शे."

ताईबाईनं हात सोडवला.

"टोपी त्यास्नी घाली, मी नही घाली. मी आठेच जन्मनू." पदर खोचत ती मागच्या अंगणात गेली आणि बायकांना सरकवून वरणाबरोबरच्या बट्ट्या कापायला बसली. आबांनी माईक बंद केला.