शेवंताबाईंचा उजवा हात

आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते. पुढे माझा गोंधळ येणार आहे आणि तो वस्तुस्थितीत मिसळू नये.

डॉ. नामदेवराव ढोरे यांची आणि माझी पहिली भेट राळेगावात, त्यांच्या दहा खाटांच्या दवाखान्यात झाली. बोंडअळीने कपाशी पोखरली, तो हंगाम. मी एम.डी. होऊन नुकतीच रुजू झाले होते. त्याच आठवड्यात शेवंताबाई दाखल झाल्या. स्वतः बी टोबून वाढवलेली पऱ्हाटी, कपाशीची उभी झाडे, त्यांनी बोंडांसकट उपटून बांधावर टाकली आणि दुसऱ्या सकाळपासून त्यांचा उजवा हात खांद्यातून लोंबू लागला. कापूस वेचणारीचे सारे जगणे त्या हातात. मी नसा, रक्त, मेंदू, सर्व तपासले. दोष सापडला नाही. केसपेपरवर मी ‘ढोंग’ असे लिहिले आणि त्यांना काहीही झालेले नाही असे सांगितले.

“मंग हात काहून उठत नाही? मी का नाटक करून राह्यली काय, बाई?”

दुसऱ्या दिवशी त्यांची बोटेही हलेनाशी झाली.

नामदेवरावांनी माझा शब्द खोडला नाही. त्याखाली ‘हात उचलत नाही’ एवढेच लिहिले आणि मला म्हणाले, “डॉक्टरबाई, रोग नाही म्हणून तुम्ही मोकळ्या झालात. आता तिने हात पडलेला ठेवावा, नाहीतर तो उचलून खोटारडी ठरावे.”

त्यांच्या दवाखान्यात ड्रेसिंगसाठी लागणारे कापसाचे बोळे रुग्णच करीत. मला तो अशास्त्रीय प्रकार वाटे.

“शेवंते, डाव्या हाताले काय झालं?” नामदेवरावांनी विचारले.

“त्याले कायले काय होईन?”

“मंग बोळे कर. पडल्या पडल्या छत पाहून राह्यली!”

“कापूस इकत घेता, डॉक्टर, अन् मजुरी फुकट!” त्यांनी बंडल चाचपले. “याच्यात अळी नाही ना?”

“असली तं शिजवून काढतो तिले.”

त्या हसल्या. नामदेवरावांनी आम्हा सर्वांना बजावले की हात हलला तरी कोणी पाहू नये. सहाव्या दिवशी शेजारच्या खाटेवरील म्हातारीने सैल बोळे केले. “हे काय फुसके?” म्हणत शेवंताबाईंनी ते ओढून घेतले आणि घट्ट वळून दाखवले. दोन्ही हातांनी. मी बोलणार तोच नामदेवरावांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी विचारले फक्त, “बोळ्यांचा डबा भरला का?”

पंधरवड्यात शेवंताबाई दुसऱ्याच्या शेतात वेचणीला गेल्या.

कशाने? बोळ्यांनी, थट्टेने, की नुसत्या दिवसांनी? त्यानंतर मी पुष्कळ वाचले, वाद घातले, मते बनवली आणि मोडली. मन हातापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हे मला आजही नेमके सांगता येत नाही. अपुरे उत्तर मला सहन होत नाही, नामदेवरावांना होते. “मलाही ठाऊक नाही,” ते निवांतपणे म्हणत आणि पुढचा रुग्ण बोलवीत.

आता नामदेवरावांच्या पंचाहत्तरीचे वर्तमान, जिच्यासाठी हा गौरवग्रंथ निघत आहे. गुडघ्यांमुळे त्यांनी दवाखाना बंद केला. त्याच आठवड्यापासून त्यांचा उजवा हात उचलत नाही. मी सर्व तपासण्या केल्या, दोष नाही. आणि मी, जिला हे एकदा शिकवले गेले होते, अहवाल पुढे ठेवून म्हणाले, “सर, तुम्हाला काहीही झालेले नाही.”

“मंग हात काहून उठत नाही, डॉक्टरबाई?” त्यांनी हसून विचारले. मला हसता आले नाही. जे त्यांना ठाऊक आहे, ते त्यांच्याच हाताला का ठाऊक नसावे? या ग्रंथासाठीचा त्यांचा संदेशही नातीने लिहून घेतला आहे.

आदरणीय सर, आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. या ग्रंथासोबत कापसाचे एक बंडल पाठवीत आहे. माझ्या नव्या दवाखान्यात बोळे कमी पडतात. डाव्या हाताने केलेले चालतील. मात्र शेवंताबाई कशाने बऱ्या झाल्या, याचे उत्तर मला लेखी हवे, आपल्याच अक्षरात. नातीचे अक्षर मी ओळखते. ते स्वीकारले जाणार नाही.