भरल्या माकुलाचे टाके

सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला सगळ्यात सफाईने काय जमत होतं, तर लोकांच्या नाकात काडी घालणं. थिएटरला कुलूप होतं, आमचा वॉर्ड कोविडचा वॉर्ड झाला होता, आणि हातात सुरी येणार म्हणून उड्या मारत आलेली आम्ही पोरं पीपीई घालून ऑक्सिजनचे आकडे लिहीत होतो. तातडीची ऑपरेशनं तेवढी व्हायची. पण आत कमीत कमी माणसं, कमीत कमी वेळ असा नियम होता, म्हणून मोठे डॉक्टर ती स्वतःच उरकायचे. मी दाराच्या काचेतून बघायचे.

मग मलाच कोविड झाला. त्यातून उठले तेव्हा आमच्या युनिटच्या सरांनी मला तीन आठवडे घरी पाठवलं. हे सर दीड वर्षात एकदाही हसले नव्हते. जाताना म्हणाले, "परत आलीस की आतड्याचे टाके तुझ्याकडून घालून घेणार. हात चालला तर परीक्षेला बसवीन. नाही तर नाही." त्यांचा नाही म्हणजे नाहीच, हे सगळ्या हॉस्टेलला माहीत होतं.

आंबोलीचा घाट उतरताना मी दोन्ही हात मांडीवर पसरून बघितले. बोटं थरथरत होती. वळणांमुळे असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. सावंतवाडीच्या पुढे रस्ता सरळ झाला, तरी बोटं आपली थरथरतच होती. मालवणजवळ आमच्या घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात सर्जरी सोडून रक्तपेढीत नोकरीही धरली होती.

तिसऱ्या दिवशी आईने माकुलं, म्हणजे स्क्विड, घेतली. आमच्याकडे माकूल भरून करतात. त्याची पिशवी साफ करायची, त्याच्याच बारीक चिरलेल्या पायांचा आणि ओल्या खोबऱ्याचा मसाला आत ठासायचा, आणि तोंड माडाच्या हिराने, म्हणजे झावळीच्या काडीने, टोचून बंद करायचं. आई एकेक काडी खुपसत होती आणि मी बघत बसले होते. मऊ, ओली, निसरडी, आतून पोकळ नळी. मी आतापर्यंत चित्रात पाहिलेल्या कुठल्याही आतड्यापेक्षा ती जास्त आतड्यासारखी होती.

"आई, ही मी शिवते."

"शिव," आई म्हणाली. "पण जेवणाक उशीर करू नको."

मी बॅगेतून सुई धरायचा चिमटा आणि मुदत संपलेल्या रेशमी धाग्याची पाकिटं काढली. पहिल्या माकुलाला वीस मिनिटं लागली. सुई दोनदा माझ्याच बोटात गेली. पण टाके पडले ते असे, की रुखवतात मांडावेत. बारीक, घट्ट, एका ओळीत. मी ते माकूल तळहातावर घेऊन घरभर फिरले, बाबांना दाखवलं, मांजरालाही दाखवलं.

तव्यावर ते जेमतेम दोन मिनिटं टिकलं. माकूल आकसलं, आतला मसाला फुगला, फट् असा आवाज झाला आणि खोबरं थेट बाबांच्या चष्म्यावर. बाबांनी सगळी नोकरी बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेली. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "बॉयलर असोच फुटता."

"कितक्या आवळलंस गो?" आई म्हणाली. "फुगाक जागा ठेव."

"सैल ठेवलं तर आतलं बाहेर येईल ना."

"काठाक काठ लागलो म्हणजे झाला. गळो कित्याक दाबतंस?"

सर्जरीच्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं. मी ते दोनदा वाचलं होतं, खाली रेघही मारली होती. पण बाबांच्या चष्म्यावरून मसाला ओघळताना बघितला तेव्हा ते मला पहिल्यांदा समजलं.

त्यानंतर मला वेडच लागलं. रोज सकाळी माकुलं. माकुलं नसली तर भरले बांगडे. चार दिवसांत बातमी वाडीत पसरली आणि लोक कुंपणावरून वस्तू देऊ लागले. लॉकडाऊनमध्ये घरी बसून कंटाळलेली माणसं ती. कुणी पातेलंभर माकुलं, कुणी उशीचा अभ्रा, पलीकडच्या काकांनी तर फाटकी छत्री आणली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "वाचात मां?" मी म्हटलं, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. छत्री वाचली. मला इतका आनंद झाला की मी ती उन्हात उघडून अंगणात नाचले. आईने कपाळाला हात लावला.

रेशीम संपलं तेव्हा बाबांनी गळाची तंगूस दिली. तंगूस म्हणजे नायलॉन, आणि आम्ही माणसाची कातडी नायलॉननेच शिवतो, तेव्हा मी खूश. फक्त माणसाला नंतर तव्यावर घालत नाहीत, हे लक्षात राहिलं नाही. तंगूस वितळली, घरभर जळक्या बादलीचा वास सुटला आणि आठ माकुलं टाकून द्यावी लागली. त्या दुपारी आम्ही पेज आणि लोणचं खाल्लं. बाबा माझ्याकडे बघत बघत पेज भुरकत राहिले. मग आईने शिलाई मशीनची सुती रीळ माझ्या हातात ठेवली आणि पुढचे सगळे पेशंट सुतावर झाले.

दर बुधवारी दुपारी सर ऑनलाइन क्लास घ्यायचे. ज्याने त्याने हॉस्टेलवर नाही तर घरी जे मिळेल त्यावर टाके घालून दाखवायचे. कुणी केळ्याच्या सालीवर, कुणी गादीच्या फोमवर. आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्याजवळ यायची. मी तिथे पाट मांडला, पाटावर भरलेलं माकूल ठेवलं, फोन रहाटाला बांधला आणि सुरुवात केली. चार टाके झाले. छान झाले. बोटं थरथरत नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, आणि मी हरखून फोनकडे बघितलं. तेवढ्यात माडावरून कावळा उतरला आणि माकूल सुईदोऱ्यासकट घेऊन गेला.

मग सरांचा आवाज आला, "पेशंट कुठे गेला?"

"कावळ्याने नेला, सर."

बाकीच्या पोरांनी आपापले कॅमेरे पटापट बंद केले. मी कावळ्याच्या नावाने शंख करत असताना आई पाण्याला आली आणि फोनमधला साहेब बघून थांबली. पदर सावरून, ऑफिसात गेल्यावर बोलायची तशी शुद्ध मराठी काढून ती म्हणाली, "नमस्कार सर. ही टाके फार आवळायची हो. मग तव्यावर फुटायचं. आता सांगून सांगून जरा सैल घालते."

मी विहिरीत उडी मारायच्या बेतात होते. सरांनी चष्मा काढला, परत घातला.

"बाई," ते म्हणाले, "पोटातही तेच होतं." आणि ते हसले. मी शपथेवर सांगते, हसले.

तीन आठवडे संपले, मी परत गेले. महिन्याभराने पंचविशीतला एक टेम्पोचालक आला. टायफॉइडने आतड्याला भोक पडलेलं, पोट फळीसारखं कडक. बाहेर त्याची बायको बाकावर बसलेली, मांडीवर त्याच्या चपला. पोट उघडलं, धुतलं, भोक सापडलं. सरांनी सुई धरायचा चिमटा माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "तू."

मला भीती वाटली, आणि भीतीच्या तळाशी गुदगुल्याही होत होत्या, हे खोटं कशाला सांगू? दीड वर्ष मी काचेबाहेर उभी होते. आता हे जिवंत, ऊबदार आतडं माझ्या दोन बोटांत होतं. मी पहिला टाका घेतला आणि गाठ मारली. सुटायला नको म्हणून आणखी थोडी ओढली. आतड्याची कड रक्त अडून पांढरी पडली.

सरांनी माझा हात धरला नाही, चिमटाही मागून घेतला नाही. फेसशील्डच्या आडून एवढंच म्हणाले, "तव्यावर फुटेल."

सिस्टरने चमकून वर बघितलं. मी टाका कापला आणि परत घेतला. काठाला काठ टेकला तिथे थांबले. कड गुलाबी राहिली. मग दुसरा टाका, मग तिसरा, आणि भोक बंद झालं.

पण खरी परीक्षा त्या टेबलावर संपत नाही. आतल्या टाक्यांचं जे काय व्हायचं ते पाचव्या-सहाव्या दिवशी कळतं. फुटले तर ताप, परत पोट उघडणं, आणि अशा अशक्त माणसात बहुतेक वेळा शेवटच. मी दिवसातून सात-आठ वेळा त्याच्या पोटाला हात लावून यायचे. त्याची बायको विचारायची, "काही झालं का?" आणि मी, काही नाही, सहज आले, म्हणायचे. सातव्या दिवशी सकाळी पोट मऊ होतं, ताप नव्हता, आणि त्याने मला विचारलं, "मॅडम, मच्छी कधी चालेल?"

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला. टेम्पोवाल्याचं तिला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हापासून ती रोज गावातल्या रामेश्वराच्या देवळात जाऊन येत होती, हे मला बाबांकडून नंतर कळलं. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"फुटला नाय मां?"

"नाय फुटला," मी म्हटलं, आणि जिन्यातच बसून हसत हसत रडले.